नळदुर्गच्या यात्रेतला ‘तिरंगा’

‘तिरंगा’ मी पहिल्यांदा पाहिला तो नळदुर्गला, खंडोबाच्या यात्रेत, जमिनीवर पोतं अंथरून. जानेवारी १९९४. पौष पौर्णिमा त्या वर्षी २७ तारखेला आली होती, म्हणजे शाळेतलं झेंडावंदन होऊन एकच दिवस झालेला. तिकिटं मामाने काढली. भूकंपाला चार महिने होत आले होते आणि त्या चार महिन्यांत मामा पहिल्यांदाच गावाबाहेर पडला होता.

मामाचं गाव सास्तूरच्या बाजूला. आता तो लोहारा तालुका, तेव्हा उमरगा होता. आताच्या धाराशिव जिल्ह्यालाही आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, किल्लारीच्या भूकंपात, घराचं माळवद खाली आलं. त्यात आजी गेली आणि मामाची धाकटी लेक गेली. मामा गणपती बोळवून उशिरा परतला होता, घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून अंगणातच बाजेवर पडला, आणि वाचला. आई त्याला म्हणाली होती, “दादा, लेकराला यात्रा दाखवून आण, देवाचं दर्शन तरी होईल.” तो काही न बोलता निघाला. दर्शन झालं, भंडारा कपाळाला लागला, आणि परतीच्या वाटेवर टुरिंग टॉकीजच्या तंबूपुढे तो थांबला. फलकावर राजकुमार आणि नाना पाटेकर. “बघायचं का रं?” एवढंच त्याने विचारलं.

तंबूत बिडीचा धूर, बाहेर जनरेटरची धडधड. मशीनमधला उजेड कार्बनच्या दोन कांड्यांच्या टोकांमध्ये पेटायचा आणि त्या जळून आखूड झाल्या की मशीनवाला त्या काढून पायाशी टाकायचा. तांब्याचा पातळ मुलामा असलेल्या, बोटभर उरलेल्या त्या कांड्या म्हणजे आम्हा पोरांचं धन. खेळ सुटला की आम्ही त्या वेचायला धावायचो. मी दोन मिळवल्या आणि कित्येक वर्षं कंपासपेटीत जपून ठेवल्या. बाकीची पोरं त्या भंगारवाल्याला देऊन गारेगार खायची. या कांड्यांची आठवण मी उगाच काढलेली नाही. पुढे तिचं काम आहे.

पिक्चर तर सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. मेहुल कुमार यांचा, २९ जानेवारी १९९३ ला प्रदर्शित झालेला. प्रलयनाथ गेंडास्वामी नावाचा माणूस देशातले अणुशास्त्रज्ञ पळवतो, त्यांच्याकडून मिसाइलं बनवून घेतो आणि देश उद्ध्वस्त करायला निघतो. दिल्लीतला एक मंत्री त्याला आतून सामील असतो. त्याच्यासमोर उभे राहतात ब्रिगेडियर सूर्यदेव सिंह, म्हणजे राजकुमार, आणि इन्स्पेक्टर शिवाजीराव वागळे, म्हणजे नाना. शेवटी बटण दाबलं जातं, मिसाइल जागचं हलत नाही, कारण ब्रिगेडियरने त्यातला फ्यूज कंडक्टर आधीच काढून घेतलेला असतो. तंबू त्या क्षणी उभा राहिला. शिट्ट्या, टोप्या वर, कुणीतरी भंडारा उधळला. मी मामाकडे पाहिलं. तो बसूनच होता, पण त्याच्या तोंडावर मला बऱ्याच दिवसांनी काहीतरी सैल झालेलं दिसलं.

आज तीसेक वर्षांनी या पिक्चरकडे पाहताना मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते, आणि ती मी मनापासून घेतो. एक तर तो आमचा होता. नाना पाटेकर मुरुड-जंजिऱ्याचे. दोनच वर्षांपूर्वी त्यांनी ‘प्रहार’ दिग्दर्शित केला होता, आणि त्या तयारीतला लष्करी ताठा वागळ्याच्या अंगातही दिसतो. गेंडास्वामी रंगवला दीपक शिर्के यांनी, ज्यांना मराठी प्रेक्षक आधीपासून ओळखत होता. गावात आजही कुणी दांडगाई करू लागला की त्याला ‘गेंडास्वामी’ म्हणतात. वर्षा उसगांवकर होत्या, ममता कुलकर्णी होती. पण मोठी गोष्ट म्हणजे हिंदी पडद्यावरचा मराठी पोलीस तोवर बहुधा नायकाच्या मागे उभा असलेला हवालदार असायचा. इथे शिवाजीराव वागळे नावाचा इन्स्पेक्टर राजकुमारच्या डोळ्याला डोळा भिडवून बोलत होता. या दोघांना एकत्र घेऊ नका, पिक्चर पुरा होणार नाही, असं लोक बजावत होते, हे मेहुल कुमार यांनी नंतर मुलाखतींतून सांगितलं आहे. ती ठिणगी पडद्यावर दिसते. राजकुमार सिनेमात येण्याआधी स्वतः मुंबई पोलिसांत फौजदार होते, हे मला फार नंतर कळलं आणि त्या जोडीकडे मी पुन्हा नव्याने पाहिलं.

दुसरी गोष्ट काळाची. पिक्चर थेटरात लागला तेव्हा मुंबईतल्या जानेवारीच्या दंगलींची राख पुरती निवली नव्हती. सहा आठवड्यांत १२ मार्च उजाडला. एका दुपारी मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले आणि २५७ माणसं मेली. आरडीएक्स हा शब्द आमच्याकडच्या पारावर त्या आठवड्यात आला. मिसाइल हा शब्द थोडा आधीच पोचला होता: १९८८ ला ‘पृथ्वी’, १९८९ ला ‘अग्नी’, मग १९९१ च्या आखाती युद्धात टीव्हीवर दिसलेली स्कड. त्याच वर्षअखेर सोव्हिएत संघ फुटला आणि त्याच्या हजारो अण्वस्त्रांची राखण आता कोण करणार, या काळजीने जग घेरलं. हॉलिवूडला त्यावर ‘ब्रोकन ॲरो’ काढायला १९९६ उजाडलं, ‘द पीसमेकर’ला १९९७. आमचा गेंडास्वामी त्यांच्याआधी आला. त्याचं शास्त्र कच्चं होतं, भीती मात्र अगदी वेळेवरची होती.

नळदुर्गला बसून ‘ॲक्शन’ पिक्चर पाहण्यात आणखी एक अर्थ होता, तोही मोठेपणी उमगला. आमच्या मराठवाड्यात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘ॲक्शन’ म्हणजे पोलीस ॲक्शन. ‘ॲक्शनच्या साली माझं लगीन झालं’, ‘ॲक्शनच्या वेळी आम्ही रानात होतो’ अशी वर्षं मोजणारी पिढी मी पाहिली आहे. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली. पहिली चकमक झाली ती याच नळदुर्गला, आणि बोरी नदीवरचा पूल फौजेने ताब्यात घेतला. १७ तारखेला निजामाने हात टेकले. त्याआधीचा रझाकारांचा जाच आणि ॲक्शननंतर गावोगाव झालेली मुसलमानांची कत्तल, दोन्ही या मातीने पाहिलं. राजकारण हाताबाहेर गेलं की घराच्या दारापर्यंत काय येऊन ठेपतं, हे आमच्या लोकांना कुणी पडद्यावर दाखवायची गरज नव्हती. त्यामुळे मिसाइलापेक्षा सामील झालेला मंत्री त्यांना जास्त खरा वाटला. यात्रेहून परतताना ट्रकमध्ये चर्चा झाली ती त्या मंत्र्याची.

आता फ्यूज कंडक्टर. अशा नावाचा एकच भाग उपसला आणि अख्खं क्षेपणास्त्र मुकं झालं, असं घडत नाही. पण त्या प्रसंगाच्या मुळाशी असलेली कल्पना वाटते तेवढी पोरकट नाही. अण्वस्त्र बाळगणाऱ्या प्रत्येक देशाची रात्रंदिवस धडपड हीच असते की नको त्या हाताने बटण दाबलं तरी स्फोट होऊ नये. अमेरिकेने त्यासाठी संकेताची कुलपं बसवली. संकेत जुळल्याशिवाय अस्त्र जिवंतच होत नाही. भारताने बराच काळ अण्वस्त्राचा गाभा आणि ते वाहून नेणारं क्षेपणास्त्र वेगवेगळं, वेगवेगळ्या लोकांच्या ताब्यात ठेवलं, असं या विषयाचे अभ्यासक सांगतात. एकट्या माणसाला काही करता येऊ नये, ही त्यामागची योजना. म्हणजे फ्यूज आधीच काढून ठेवायचा, आणि तो काढून ठेवणारा एक शूर ब्रिगेडियर असण्यापेक्षा शिस्तीने सही करणारी पाचपन्नास माणसं असावीत.

गेंडास्वामीला शास्त्रज्ञ पळवावे लागले. प्रत्यक्षात पाकिस्तानच्या अब्दुल कादीर खान यांना कुणी पळवलं नव्हतं. लिबिया, इराण, उत्तर कोरिया इथे अणुतंत्रज्ञान पोचवल्याची कबुली त्यांनी २००४ मध्ये टीव्हीवर दिली. पटकथा लिहिणाऱ्याला १९९३ मध्ये हे सुचलं असतं तर ते कुणाला पटलं नसतं.

मग खरा धोका कुठे असतो? मी पत्रकारितेत आल्यावर हा प्रश्न बरीच वर्षं सोबत बाळगला. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था हरवलेल्या, चोरीला गेलेल्या, बेवारस सापडलेल्या किरणोत्सारी पदार्थांची नोंद ठेवते. ती नोंद, योग असा, १९९३ पासूनची आहे. तीस वर्षांत चार हजारांहून जास्त घटना तिच्यात जमा झाल्या. त्यांतल्या सुमारे साडेतीनशेच घटनांमागे तस्करी किंवा वाईट हेतू होता किंवा असावा, असं ती संस्था मानते. उरलेल्यांत दिसते ती हलगर्जी. उपकरण निकामी झालं, वहीतून नाव पुसलं गेलं, आणि वस्तू भंगारात गेली.

एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत हेच झालं. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं, वर्षानुवर्षं बंद पडलेलं एक उपकरण लिलावात निघालं. भंगारवाल्यांनी ते शिशासाठी फोडलं, कारण शिशाला भाव असतो. आत कोबाल्ट-६० च्या बारीक कांड्या होत्या. कामगारांची कातडी काळी पडली, केस गेले, आणि एकाचा जीव गेला. एक तुकडा तर पैशाच्या पाकिटात ठेवलेला होता. ही बातमी वाचली त्या रात्री मी कंपासपेटी शोधायला माळ्यावर चढलो होतो. माझ्या कांड्या साध्या कार्बनच्या, निरुपद्रवी. पण चमकणारी बोटभर वस्तू उचलून खिशात घालणारा तो हात मला माझाच वाटला. ब्राझीलच्या गोयानिया शहरात १९८७ साली बंद पडलेल्या दवाखान्यातलं उपकरण असंच भंगारात गेलं होतं. त्यातली सिझियमची निळसर चमकणारी भुकटी लोकांनी घरोघर वाटली, अंगाला चोळली. चार माणसं मेली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती.

आपल्याकडे मे २०२१ मध्ये महाराष्ट्र एटीएसने सात किलो युरेनियमसह दोघांना पकडलं, किंमत २१ कोटी सांगितली गेली, आणि वाहिन्यांवर दोन दिवस अणुबाँबची चित्रं फिरली. तो पदार्थ नैसर्गिक युरेनियम असल्याचं भाभा अणुसंशोधन केंद्राने तपासून सांगितलं. नैसर्गिक युरेनियमचा अर्थ समजून घेण्यासारखा आहे. त्यात बाँबच्या कामाचं युरेनियम-२३५ शंभरात पाऊण भागाहूनही कमी असतं. सात किलोत ते जेमतेम पन्नास ग्रॅम, म्हणजे चार तोळ्यांहून थोडं जास्त. ते वेगळं काढायला हजारो यंत्रांचा कारखाना लागतो. आणि एका बाँबचा हिशेब करताना आंतरराष्ट्रीय संस्था असं २५ किलो युरेनियम धरते. चार तोळे आणि पंचवीस किलो. बाँबची शक्यता नव्हती, तरी प्रकरण लहान ठरत नाही, कारण सात किलो युरेनियम कुणाच्या तरी वहीत असायला हवं होतं.

वहीचं महत्त्व मला बार्शीने शिकवलं. धाराशिव जिल्ह्यात कुणाला कॅन्सर झाला की पहिला शब्द येतो तो ‘बार्शी’. माझ्या आईलाही तिथे नेलं. आमच्याकडे रेडिएशन हा शब्द कुणी वापरत नाही. ‘शेक द्यायला नेलंय’, ‘पंचवीस शेक झाले, पाच राहिले’ असं म्हणतात. सोलापूर जिल्ह्यातल्या या गावात १९८७ पासून देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी चालते. बार्शीबरोबर आमचे भूम आणि परांडा हे दोन तालुके तिच्यात सुरुवातीपासून आहेत. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जाऊन, ओसरीवर बसून, कुणाला गाठ आहे, कुणाच्या अंगावरून जातंय, हे बायकांना विश्वासात घेऊन विचारायचे आणि लिहून ठेवायचे. ज्या कोबाल्टने मायापुरीत माणूस मारला तोच देशभरात वर्षानुवर्षं कॅन्सरच्या रुग्णांना शेक देत आला आहे. लासलगावला कांद्याला कोंब फुटू नये म्हणून वापरतात तेही त्याचेच किरण. सव्वापाच वर्षांत त्याची ताकद निम्मी होते. मग नवा आणायचा, जुना परत पाठवायचा, आणि कुठली कांडी कुठून निघाली, कुठे पोचली, याची नोंद अणुऊर्जा नियामक मंडळाकडे ठेवायची. दारावरच्या पिवळ्या पाटीवर तीन पाती असलेलं चिन्ह असतं. आई तिला ‘पंखा’ म्हणायची. “आज पंख्याच्या खोलीत लवकर नंबर लागला,” म्हणायची. त्या खोलीबाहेर बाकावर बसून मी पाहायचो. आतून माणूस बाहेर आल्याशिवाय तंत्रज्ञ दार लोटत नसे, दार पुरतं बंद झाल्याशिवाय मशीन सुरू होत नसे, आणि प्रत्येक वेळी तो वहीत वेळ लिहायचा. रोज, प्रत्येक रुग्णाला, न कंटाळता. मला तिथे वागळे आणि सूर्यदेव सिंह दिसले, असं म्हटलं तर ते मी गंभीरपणेच म्हणतो आहे.

आता भूकंपाकडे परत यायला हवं. हा लेख मला तिथेच नेत होता.

किल्लारीच्या त्या धक्क्याची तीव्रता ६.२ ते ६.४ च्या दरम्यान मोजली जाते. ऊर्जेच्या हिशेबात हिरोशिमाच्या बाँबच्या दुप्पट तरी. सुमारे दहा हजार माणसं गेली, लातूर आणि उस्मानाबाद मिळून ५२ गावं उठवून नव्या जागी वसवावी लागली. पण त्यांना मारलं ते नुसत्या ऊर्जेने नाही. मोठ्या शहरांत याच ताकदीचे धक्के पचवणाऱ्या इमारती असतात. आमच्याकडे दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद भिंती, गोल दगड आणि चिखल, वर लाकडी तुळयांवर माळवद. पाऊस गळू नये म्हणून दर साली माळवदावर नवी माती टाकायची, चोपायची. उन्हाळ्यात घर गार राहायचं, म्हणून त्याचा अभिमान. पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर साठत आलेला तो भार कुणी मोजला नव्हता. आणि सूचनाही मिळाली होती. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीच्या परिसराला लहान लहान धक्के बसत होते. लोक घाबरून बाहेर झोपले, निवेदनं दिली, मग थंडी पडली, धक्के थांबले आणि सगळे घरात परतले. दख्खनचं पठार स्थिर मानलं जायचं. इथे मोठा भूकंप होईल असं धरून चालणारी यंत्रणाच नव्हती.

त्यानंतर ती उभी राहू लागली. राज्यात आपत्ती व्यवस्थापनाचा विचार किल्लारीपासून सुरू झाला, पुढे २००५ मध्ये देशाचा कायदा झाला, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आलं. ढिगारे उपसणारं हेच दल किरणोत्सारी पदार्थ हाताळायलाही शिकलेलं असतं, आणि मायापुरीच्या भंगार बाजारात कोबाल्ट शोधायला ते उतरलं होतं. भूकंप आणि अणुबाँब, दोन्हींसाठी यायची ती माणसं एकच.

गेल्या २६ जानेवारीला मी मामाकडे होतो. पुनर्वसनाचं गाव, सरळ आखलेले रस्ते, प्रत्येक घराला थोडी जागा. मामा आता पंचाहत्तरीच्या पुढे आहे. सकाळी शाळेतून मोहम्मद अझीझ यांच्या आवाजातलं ते तिरंग्याचं गाणं लाउडस्पीकरवर ऐकू येत होतं, पोरं त्यावर कवायत करत होती. दुपारी एका वाहिनीवर ‘तिरंगा’ लागला, दर साली लागतो तसा. मामी म्हणाली, “लागला तुमचा गेंडास्वामी.” मामाने खुर्ची पुढे ओढली. नानांबद्दल इथे वेगळीच माया आहे. २०१५ च्या दुष्काळात मकरंद अनासपुऱ्यांबरोबर ते आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरी मदत घेऊन फिरले होते, ते मराठवाडा विसरलेला नाही.

फ्यूजचा प्रसंग आला तेव्हा मी त्याला विचारलं, “मामा, त्या साली यात्रेत तुम्ही हे बघितलं तेव्हा काय वाटलं होतं?”

तो पडद्यावरून नजर न काढता म्हणाला, “वाटलं, ह्यो गडी आधी गेला आत. बटन दाबायच्या आधी.” मग थोड्या वेळाने, “आपल्याला कुणी सांगितलंच नाही, माळवदावरची माती उतरवा म्हणून. उतरवली असती की. चार दिवसांचं काम.”

पिक्चर संपला. रात्री जेवणं झाली. सरकारने बांधून दिलेलं पक्कं घर आहे, भूकंपाला टिकेल असं, मुलं-नातवंडं आत झोपतात. मामाने कांबळं घेतलं, बॅटरी घेतली, आणि एकतीस वर्षं जिथे तो झोपत आला आहे त्या मागच्या पत्र्याच्या शेडकडे गेला. जाताना दाराची कडी त्याने नुसती अडकवली. आतून लावली नाही.